एम-टू सुटेपर्यंत

आमच्या विद्यापीठाचा निकाल उघडायचा तर दोन गोष्टी लागतात, सीट नंबर आणि आईचं नाव. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. तिचं नाव त्या चौकटीत टाकायचं आणि खाली 'एफ' बघायचा, हे मला दर वेळी फार जड जायचं. जुलै २०२३ मध्ये एम-टूसमोर, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या दुसऱ्या पेपरासमोर, तिसऱ्यांदा तोच एफ आला. सोबत एम-थ्री आणि मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्सही उडाले होते, पण खरा घाव एम-टूचा. पहिल्या वर्षाचा एक जरी विषय राहिला तरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. म्हणजे वायडी, इयर डाउन. वर्ष गेलं.

त्या रात्री मेसला गेले नाही. कॉटवर पडून एकच गोष्ट मनात घोळत होती, की आपली ब्रँचच चुकली. सिव्हिल आपल्यासाठी नाहीच. तसं हे मनात त्या रात्री पहिल्यांदा आलं नव्हतं. वर्षभर ते कुठेतरी होतंच, सबमिशनच्या गडबडीत दबून जायचं. आता त्याला अडवायला काही उरलं नाही.

सिव्हिल मी का घेतलं, ते आधी सांगते. आण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शीत सेंट्रिंगची कामं घेतात. स्वतःच्या प्लेटा, बल्ल्या, आणि हाताखाली आठ-दहा माणसं. लहानपणी सुट्टीत मी डबा घेऊन साइटवर जायचे. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी इंजिनिअर तपासायला यायचा. आण्णांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आण्णा त्याला 'साहेब' म्हणायचे आणि तो आण्णांना 'ए सेंट्रिंगवाले' अशी हाक मारायचा. आण्णा याबद्दल घरी कधी एक शब्द बोलले नाहीत. पण मी सातवी-आठवीत असल्यापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची पोरगी नकाशा वाचणार हाय." त्यामुळे कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, पर्याय भरताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सिव्हिलच भरलं. मला काय आवडतं हे मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

आमची बॅच २०२१ ची. आमची बारावीची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के अशी गोळाबेरीज होऊन निकाल लागला, मला ८६ टक्के पडले. घरात पेढे वाटले. पण त्या वर्षी आमच्या घरात ऑनलाइन तासांना चालेल असा मोबाइल एकच होता. धाकटा भाऊ नववीत. दोघांचे तास एकाच वेळी असले की त्याचा इंग्रजीचा तास महत्त्वाचा की माझा गणिताचा, हे आई ठरवायची, आणि आई आलटून पालटून ठरवायची. इंटिग्रेशनचे दोन धडे असेच अर्धेमुर्धे कानांवरून गेले. नंतर सीईटीला एक युक्ती कामाला आली, कारण इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलटी वाट. चार पर्याय दिलेले असतात, त्यांचं एकेकाचं डेरिव्हेटिव्ह काढत जायचं, जे प्रश्नाशी जुळेल ते उत्तर. मी सीईटीतलं इंटिग्रेशन असं सोडवलं. मार्क मिळाले, म्हणून मला वाटलं की मला ते येतं.

इंजिनिअरिंगच्या पेपरात बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात.

एम-टू म्हणजे जवळपास सगळं इंटिग्रेशनच. डिफरन्शियल इक्वेशन्स, गॅमा-बीटा फंक्शन्स, कर्व्ह ट्रेसिंग, मग डबल आणि ट्रिपल इंटिग्रल. दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री सुरू होतो तो एम-टूच्या डिफरन्शियल इक्वेशनवर पाय ठेवून. सर फळ्यावर दोन ओळी सोडून तिसरी लिहायचे, कारण मधल्या दोन बारावीतल्या असायच्या. बाकीच्यांना त्या दिसायच्या. मला वाटायचं ह्यांना काहीतरी उपजत आहे जे माझ्यात नाही. मी फळा जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेच्या आधी पाठ करायचे. पाठ केलेली गणितं पेपरात एका आकड्याने बदलून आली की मी संपले. तीन वेळा असंच झालं.

आणि त्याच दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या सेमला, इंजिनिअरिंग जिऑलॉजी होता, दगड-खडकांचा विषय.

प्रॅक्टिकलला लाकडी खणांच्या पेट्या असायच्या. एकेका खणात एक दगड, वर पांढऱ्या रंगाने नंबर. ओळखायचे कसे, तर हातात घेऊन. नखाने ओरखडा उठतो का, नाण्याने उठतो का, चाकूने उठतो का. कॅल्साइटवर पातळ आम्लाचा एक थेंब टाकला की फसफसतं. एक काळा दगड मॅडमनी माझ्या हातात दिला, त्यात पांढरे ठिपके. मी बघताक्षणी म्हणाले, "मॅडम, हा आमच्या विहिरीतला आहे." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. महाराष्ट्रात बहुतेक सगळ्यांच्या विहिरीतला आहे. अमिग्डलॉइडल बेसॉल्ट." लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांची पोकळी राहते आणि नंतर ती पोकळी झिओलाइट, कॅल्साइट, गारेनं भरते, ते पांढरे ठिपके. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज सापडतं आणि जगभरचे संग्राहक ते शोधत असतात, हेही तेव्हाच कळलं.

मग घाटात फील्ड व्हिजिट झाली. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीत दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी रंगाचा एक हातभर जाडीचा पट्टा होता. मॅडम म्हणाल्या, ह्याला रेड बोल म्हणतात. खालचा लाव्हा येऊन थंड झाला, त्याची वरची बाजू ऊन-पावसाने कुजली, माती झाली, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. म्हणजे त्या हातभर पट्ट्यात दोन लाव्ह्यांच्या मधला काळ होता. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. मी त्या पट्ट्याला हात लावला तर बोटांना लाल भुकटी लागली. बस सुटेपर्यंत मी ते हात धुतले नाहीत.

जिऑलॉजीत मला १०० पैकी ८१ पडले. म्हणजे एकीकडे ८१ आणि दुसरीकडे तीन एफ. यातून कुणीही जो अर्थ काढला असता तोच मी काढला, की माझी जागा तिकडे आहे आणि मी इथे येऊन बसले आहे.

घरी सांगायला मला सोळा दिवस लागले. आण्णांना फोन केला तेव्हा मागे काँक्रीट मिक्सरचा आवाज येत होता. मी सांगितलं. त्यांना वायडी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं, कारण ते समजावताना मधे कुठे थांबता येत नाही.

"म्हंजे बंद झालं का सगळं?"

"बंद नाही. एक वर्ष थांबायचं. विषय सोडवायचे, मग पुढं."

"मग थांब की. पावसाळ्यात आमचं बी थांबतंच." आणि मग, "सामान घिऊन ये घरी. मेसचं पैसं तरी वाचतील."

आई फोनवर रडली. मामा म्हणाला बीए कर आणि एमपीएससीला बस. एका मैत्रिणीचं म्हणणं होतं की सहा महिन्यांचा कोडिंगचा कोर्स कर, सिव्हिलला पगार कुठे आहेत. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मला त्यातलं काहीच नको होतं. मला जिऑलॉजीला जायचं होतं.

बार्शीला जायच्या आधी मी पुण्यात एका कॉलेजच्या जिऑलॉजी विभागात चौकशीला गेले. बीएस्सीला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, हे मला माहीतच होतं आणि ते मी मनाशी कबूलही केलं होतं. तिथे एमएस्सीची एक ताई भेटली, तिनं मला अभ्यासक्रम दाखवला, लॅब दाखवली. खडकांच्या पेट्यांपाशी मी रमले. मग ती जीवाश्मांच्या कपाटापाशी गेली, शिंपल्यांची एकेक लांब नावं सांगायला लागली. तिचे डोळे चमकत होते आणि मला मात्र त्यात काही रस वाटेना. स्फटिकांच्या अक्षांच्या आकृत्या बघूनही तसंच. मी मान हलवत राहिले. बाहेर पडले तेव्हा मन थोडं खट्टू झालं होतं, पण मी स्वतःची समजूत घातली की पहिलाच दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलेजच्या जिऑलॉजीच्या मॅडमना भेटले. वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एम-टू सुटला असता तर तू आज माझ्याकडे आली असतीस का?"

मी गप्प. खरंच माहीत नव्हतं. हो म्हणावं तर खोटं वाटत होतं, नाही म्हणावं तर तेही.

"मग आत्ता काही ठरवू नकोस," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात एम-टू दे. सोडव. सुटल्यावरही जावंसं वाटलं तर ये, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन प्रवेशाला."

मला त्यांचा थोडा रागच आला. पण आज कुणी मला हाच प्रश्न घेऊन भेटलं तर मी अगदी हेच सांगते. विषय आवडत नाही आणि विषय जमत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण नापास झालेलं असताना दोन्ही एकाच जागी दुखतात. मला तेव्हा कुठलं कुठलं ते कळत नव्हतं.

भाऊ त्या वर्षी बारावीला होता. घरी गेले तेव्हा टेबलावर बालभारतीचं गणित भाग दोन पडलेलं होतं. एक दिवस सहज उघडलं, इंडेफिनिट इंटिग्रेशन. पहिल्या उदाहरणसंग्रहातली पाच गणितं करून बघितली. दोन आली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, आणि बारावीच्या पहिल्या पाचातली तीन आली नाहीत. त्या दिवशी दुपारभर मी ते पुस्तक तसंच उघडं ठेवून बसले होते. लाज वाटत होती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा थोडं हलकंही वाटत होतं. कारण हे भोक कुठे आहे ते दिसलं होतं. माझ्यात उपजत काही कमी होतं असं नाही. दोन धडे राहून गेले होते.

मग आम्ही दोघं एकाच पुस्तकावर बसायला लागलो. बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत, मला भावानं शिकवलं. त्याच्या क्लासच्या सरांनी सांगितलेला क्रम तो मला घोकून दाखवायचा, आधी लॉग, मग इन्व्हर्स, मग अल्जेब्रिक, मग ट्रिग, मग एक्स्पोनेन्शियल. "ताई, तू परत उलटं घेतलंस," असं तो इतक्यांदा म्हणाला की नंतर चूक करायच्या आधीच मला त्याचा आवाज ऐकू यायचा. दीड महिना मी एम-टूला हात लावला नाही. फक्त बारावीचं पुस्तक, पहिल्या पानापासून, एकही गणित न सोडता.

सकाळी आण्णांबरोबर साइटवर जायचे. गावाबाहेर एका शाळेच्या इमारतीचं काम चाललं होतं. आमच्याकडे साध्या घराला माती तपासत नाहीत. जुन्या माणसांचा नियम आहे, काळ्या मातीवर पाया ठेवायचा नाही, मुरूम लागेस्तोवर खाली जायचं. ते बरोबरच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. पण हे काम मोठं होतं, त्यामुळे बोअर घेऊन मातीचा रिपोर्ट केला होता. साहेबांनी पाया आणखी खोल न्यायला सांगितला, तर आण्णा म्हणाले, "रिपोर्टात काय लिवलंय ते बघ बरं."

चौदा पानं होती. बोअर लॉगचं, म्हणजे किती खोलीवर काय लागलं त्याचं, पान मी उघडलं आणि ते मला वाचता आलं. वर पावणेदोन मीटर काळी माती. मग मुरूम. एन व्हॅल्यू दिली होती, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. वरच्या मुरमात ठोके कमी होते, म्हणजे तो अजून भुसभुशीत होता. त्याखाली वेदर्ड अमिग्डलॉइडल बेसॉल्ट. मी आण्णांना सांगितलं, "खाली तो पांढऱ्या ठिपक्यांचा, कुजलेला दगड आहे, त्याच्यावर टेकवायचंय."

"मांजऱ्या म्हण की सरळ," आण्णा म्हणाले. त्यांना रिपोर्ट पटला होता.

मग मी पुढची पानं भराभर उलटली. त्यावर सूत्रं होती, पाया किती भार पेलेल त्याची.

"त्यात काय हाय?"

"हिशोब आहे."

"त्यो कुणी करायचा?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, इंजिनिअर करतो. आणि मग दिवसभर माझ्या डोक्यातून ते जाईना. दगड मला ओळखता येत होता, पण तो किती पेलेल हे सांगायला मला त्याच पानांतून जावं लागणार होतं, जिऑलॉजीला गेले असते तरी.

एम-टूला लागले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. एक गणित मला जन्मभर लक्षात राहील. बाहेर एक्स ० ते १, आत वाय एक्सपासून १ पर्यंत, आणि इंटिग्रेट करायचं ते ई चा वाय-वर्ग घात. आधीच्या तिन्ही वेळा मी असल्या गणिताला सरळ भिडायचे आणि तिथेच मरायचे, कारण ई चा वाय-वर्ग घात वायच्या अंगाने नेहमीच्या सूत्रांनी इंटिग्रेट होतच नाही. ऑर्डर, म्हणजे आधी वाय की आधी एक्स, ती बदलावी लागते, हे पाठ होतं. पण बदलल्यावर मर्यादा कुठून येतात ते कळत नव्हतं, म्हणून तेही पाठ. या वेळी भाऊ म्हणाला, "ताई, आधी चित्र काढ ना." काढलं. एक त्रिकोण. वाय बरोबर एक्स ही तिरकी रेघ, वरती वाय बरोबर १. आधी तो त्रिकोण उभ्या पट्ट्यांनी कापला होता, आता आडव्या पट्ट्यांनी कापायचा, एवढंच. आडवी पट्टी ० पासून तिरक्या रेघेपर्यंत जाते, म्हणजे एक्स ० ते वाय. बाहेर वाय ० ते १. आतलं इंटिग्रेशन केलं की एक वाय बाहेर पडतो, ई चा वाय-वर्ग घात त्याच्या शेजारी येऊन बसतो, आणि मग ते बारावीचं गणित उरतं. उत्तर ई वजा एक, भागिले दोन. मी ते गणित रात्री अकरा वाजता पुन्हा एकदा केलं, नुसतं बघायला की परत तसंच येतं का. आलं.

हिवाळ्याच्या परीक्षेत एम-टू ५१ नी सुटला. उन्हाळ्यात एम-थ्री काठावर, बरोबर ४०, आणि मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स ५३. आईचं नाव टाकलं, पान उघडलं, आणि या वेळी मोबाइल तिच्याच हातात दिला.

मॅडमकडे मी गेले. त्या म्हणाल्या, "बोल, कधी जायचं?" मी सांगितलं की नाही जायचं. पण मी हेही सांगितलं की सिव्हिल मला अजूनही सगळं आवडत नाही. बीम-कॉलमचं डिझाइन माझ्या मनाला भिडत नाही, आणि आता ते जमत नाही म्हणून नव्हे, जमत असूनही. मला जमिनीखालचं आवडतं. मॅडम म्हणाल्या की मग सिव्हिलमध्येच त्याला जागा आहे, जिओटेक्निकल म्हणतात त्याला. हे नाव दुसऱ्या वर्षी पेपराच्या रूपानं माझ्यासमोरून गेलं होतं, पण तेव्हा मी फक्त उडण्या-सुटण्याच्या हिशोबात होते.

२०२४-२५ ला तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. त्याच वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या आमच्या प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरू लागलं. वायडीनं घरावर आलेला भार त्यानं बराच उतरला, नाहीतर आण्णांना प्लेटा विकाव्या लागल्या असत्या आणि त्यांनी ते मला कळू दिलं नसतं. वर्ग नवा होता, सगळे एक वर्षानं लहान. पहिले पंधरा दिवस डबा एकटीनं खाल्ला. मग नाही. स्टील डिझाइन माझा अजून राहिलाय, त्याची परीक्षा देणार आहे.

इंटर्नशिप एका माती तपासणीच्या लॅबमध्ये केली. जानेवारी, पुलाच्या कामाची साइट, सकाळी साडेसातला थंडीत बोअरचं मशीन सुरू. मशीनवाले काका नळीतून कोअर, म्हणजे खडकाचा गोल दांडा, हळूच काढून लाकडी पेटीत क्रमानं मांडायचे, आणि मी टेप घेऊन बसायचे. एका वेळी दीड मीटर खोदायचं, तो एक रन. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे तेवढे धरायचे, त्यांची बेरीज, भागिले दीडशे, तो आरक्यूडी, खडक किती अखंड आहे त्याचं माप. तुकडा मशीननं मोडलाय की खडकात आधीच तडा होता, ते बघावं लागतं. तड्याच्या तोंडाला पाण्यानं तांबूस डाग पडलेला असतो. ताजी मोड चकचकीत, तिथे दोन तुकडे जोडून एकच मोजायचा.

"ताई, ह्यो धरायचा का?" काकांनी विचारलं.

मी टेप लावला. साडेनऊ. तोंडाला डाग. "नाही काका, हा नाही."

बेरीज ९३ आली. भागिले १५०, ६२ टक्के. मी वहीत लिहिलं, खोली लिहिली, पेटीवर खुणेची पट्टी ठोकली. तेवढ्यात आण्णांचा फोन आला.

"काय लागलं खाली?"

"मांजऱ्या," मी म्हणाले.